पडद्यावरचा इतिहास आणि आरंभीची पाटी

१/ ऐतिहासिक चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक पाटी येते. अक्षरे बारीक, मुक्काम दोन-चार क्षणांचा. कलाकृती सत्य घटनांवरून प्रेरित आहे, नाट्यमयतेसाठी स्वातंत्र्य घेतले आहे, ऐतिहासिक अचूकतेचा दावा नाही, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर असतो. तो वाचून होण्याआधीच पाटी निघून जाते. आजचा धागा त्या पाटीविषयी आहे. गेल्या पाच-सहा वर्षांतील ऐतिहासिक चित्रपटांचा सगळा अप्रामाणिकपणा तिच्यात साठलेला आहे, असे माझे मत आहे. ते पुराव्यांसह मांडतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ फेब्रुवारी २०२५. 'छावा' पाहून बाहेर पडत होतो. पुढे एक गृहस्थ आणि त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा चालला होता. मुलाचे डोळे रडून लाल झाले होते. त्याने विचारले, "बाबा, हे सगळं खरंच असंच झालं होतं?" वडील म्हणाले, "अरे, खोटं असतं तर दाखवू दिलं असतं का?" इतिहासाचा अभ्यास ज्या प्रश्नाने सुरू होतो तो प्रश्न त्या मुलाने विचारला होता, आणि तो तिथल्या तिथे मिटवला गेला. वडिलांना मी दोष देत नाही. आरंभीची पाटी त्यांनी वाचली नव्हती, कारण ती वाचली जावी अशी तिची रचनाच नव्हती.

३/ या चित्रपटांचा व्यवहार दुहेरी आहे. तिकीट विकताना ते इतिहास असतात आणि जाब विचारला की कादंबरी होतात. जाहिरातीत 'दडवलेला इतिहास', 'खरा इतिहास' अशी भाषा असते. एखाद्या अभ्यासकाने प्रसंगाचा आधार मागितला की उत्तर मिळते : आम्ही सुरुवातीलाच पाटी दाखवली आहे. म्हणजे अधिकार इतिहासाचा हवा आणि जबाबदारी मात्र कल्पनेइतकीच, म्हणजे शून्य. दोन्ही घरचा पाहुणचार घेणाऱ्या या वृत्तीला माझा विरोध आहे. कल्पनेला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करून ठेवतो.

४/ 'छावा'पासूनच सुरुवात करू. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा आधार शिवाजी सावंत यांची १९७९ सालची कादंबरी. छत्रपती संभाजी महाराजांना पकडून देण्यात गणोजी आणि कान्होजी यांचा हात होता, असे चित्रपट दाखवतो. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि त्याच वेळी बाजूही मांडली : आम्ही आडनाव उच्चारलेले नाही, आणि चित्रपट कादंबरीवर आधारलेला आहे. गणोजी कोण हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. मग आडनाव वगळून नेमके काय साधले?

५/ कागद काय सांगतात? जेधे शकावलीसारख्या विश्वसनीय साधनावरून एवढे दिसते की १६८८ मध्ये शिर्के आणि कवी कलश यांच्यात संघर्ष झाला आणि महाराजांना कलशांच्या बाजूने शिर्क्यांवर चालून जावे लागले. बेबनाव खरा आहे. पण १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी मुकर्रबखानाची धाड पडली, तिची खबर नेमकी कोणी दिली, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पुढे हेच गणोजी मोगलांच्या छावणीत असताना जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना निसटण्यास त्यांचे साहाय्य झाल्याची हकीकतही सांगितली जाते. असा माणूस नाटककाराला सापडला तर तो हरखून जावा. पडद्यावर मात्र आपल्या वाट्याला ठोकळेबाज फितूर आला.

६/ तीच गत सोयराबाईंची. कारस्थानी सावत्र आई हे पात्र पटकथाकाराला आयतेच मिळते. पण संभाजी महाराजांनी १६८० च्या ऑगस्टमध्ये बाकरेशास्त्र्यांना दिलेले संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. त्यात महाराज या मातेच्या मनाला स्फटिकाच्या निर्मळतेची उपमा देतात आणि तिचे मन कलुषित केल्याचा दोष कारभाऱ्यांवर ठेवतात. पुढे १६८१ मध्ये महाराजांविरुद्ध कट झाला, कारभारी मारले गेले, त्याच सुमारास सोयराबाईंचाही अंत झाला. म्हणजे साधने एकाच बाजूची नाहीत. पण ज्याला आपण नायक म्हणतो त्याची स्वतःची साक्ष पडद्यावर घ्यायचीच नाही, हा त्या नायकाचा कसला गौरव?

७/ येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. संभाजी महाराजांच्या प्रतिमेचा इतिहास हाच या वादातला सर्वांत मोठा पुरावा आहे. दीडशे वर्षे त्यांची जी विलासी, उतावळी, व्यसनी प्रतिमा महाराष्ट्राच्या मनात होती तिचा एक मोठा उगम म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. ती महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ च्या कटात महाराजांनी देहान्त शासन दिले होते. या बखरीतला मजकूर किती सावधपणे वाचायला हवा, हे वेगळे सांगायला नको.

८/ पण सावधपणा कोणी दाखवला नाही. बखरीतले पात्र रंगभूमीवर आले. राम गणेश गडकरी यांचे अपुरे राहिलेले 'राजसंन्यास' त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले आणि त्यातील विलासी संभाजी राजा लोकांच्या मनात घर करून बसला. मग तो पडद्यावर आला. भालजी पेंढारकरांनी १९४१ मध्ये 'थोरातांची कमळा' काढला. त्यात राजाची प्रेमकथा होती, तिच्यामागे दंतकथेपलीकडे आधार नव्हता. भालजींची शिवनिष्ठा वादातीत होती. तरीही ही चूक त्यांच्या हातून अधिक पसरली. सदिच्छा ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, याचे हे उदाहरण आहे.

९/ ही प्रतिमा दुरुस्त कोणी केली? वा. सी. बेंद्रे यांनी. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी देशी-परदेशी दप्तरे धुंडाळली आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. पोर्तुगीज, इंग्रज, मोगल आणि मराठी साधने समोरासमोर ठेवून त्यांनी बखरीतले एकेक विधान तपासले. त्यानंतर १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ आला. संस्कृतज्ञ, 'बुधभूषण'चा कर्ता, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा राजा महाराष्ट्राला या दोघांच्या टेबलावरून मिळाला.

१०/ ३ जानेवारी २०१७ रोजी पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत फेकण्यात आला. पुतळा पडल्याने 'राजसंन्यास'मधले एक अक्षरही बदलले नाही. त्या नाटकातल्या प्रतिमेला खरा धक्का त्याच्या सत्तावन्न वर्षे आधी बसला होता, आणि तो हातोड्याने बसला नव्हता. आज 'छावा' पाहून ज्यांच्या डोळ्यांत पाणी येते त्यांतल्या किती जणांना बेंद्रे हे नाव ठाऊक आहे? चित्रपट पाहिलेल्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

११/ म्हणून माझा मुख्य मुद्दा असा. संभाजी महाराजांवर झालेला अन्याय हा रंजक गोष्टींनी केलेला अन्याय होता आणि त्याचे परिमार्जन नीरस कागदांनी केले. आजचे चित्रपट निंदेच्या जागी स्तुती ठेवतात, पण पद्धत तीच राहते : साधन बाजूला ठेवायचे, गोष्ट पुढे करायची आणि प्रेक्षकाला प्रश्न विचारायला उसंत द्यायची नाही. आज त्या पद्धतीने स्तुती होते म्हणून ती आपल्याला चालते. उद्या त्याच पद्धतीने पुन्हा निंदा झाली तर आपण कोणत्या तोंडाने पुरावा मागणार?

१२/ आणखी एक गोष्ट सांगतो. एकेकाळी शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र सर्रास छापले जाई ते इब्राहिमखान नावाच्या माणसाचे होते. ते बेंद्रे यांनीच दाखवून दिले, आणि डच अधिकाऱ्याच्या संग्रहाशी संबंधित असलेले महाराजांचे चित्र शोधून १९३३ मध्ये लोकांपुढे ठेवले. आज नट महाराजांच्या भूमिकेसाठी रंगभूषेला बसतो तेव्हा समोर जे चित्र असते त्यामागे अशा संशोधनाची पुण्याई आहे. पण श्रेयनामावलीत केशभूषाकारापासून चहा पुरवणाऱ्यापर्यंत सर्वांची नावे येतात, संशोधकांची क्वचितच. चहावाल्याचे नाव आलेच पाहिजे. बेंद्र्यांचेही यायला हवे, एवढेच.

१३/ आता 'तान्हाजी'कडे वळू. हा चित्रपट १० जानेवारी २०२० चा. कोंढाण्याचा प्रसंग ४ फेब्रुवारी १६७० चा. तानाजी मालुसरे निवडक मावळ्यांसह रात्री कडा चढून गेले, उदेभान राठोडाशी त्यांची गाठ पडली, दोघेही पडले आणि गड हाती आला. जिंजीत राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने हे थोडक्यात आणि अत्यंत परिणामकारक सांगितले आहे. चित्रपटाला ते पुरेसे वाटले नाही. त्याने 'नागिन' नावाची एक अजस्र तोफ आणली आणि उदेभानाला विक्षिप्त खलनायक केले. प्रदर्शनानंतर उदेभानाची भूमिका करणाऱ्या सैफ अली खान यांनीच मुलाखतीत सांगितले की हा इतिहास आहे असे आपल्याला वाटत नाही. तोवर तिकिटे विकून झाली होती.

१४/ या प्रसंगावरून 'सिंहगड' हे नाव पडले असे आपण शाळेपासून ऐकत आलो. प्रत्यक्षात हे नाव १६६३ च्या पत्रातही आढळते, म्हणजे तानाजींच्या बलिदानाच्या सात वर्षे आधी. हे कळल्याने तानाजींचे शौर्य तिळमात्र कमी होत नाही. उलट नावाच्या आख्यायिकेत न अडकता आपण कड्याकडे, काळोखाकडे आणि त्या माणसांकडे पाहू लागतो. हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीने आणि तिच्यावरच्या प्रभातच्या १९३३ सालच्या 'सिंहगड'ने ती आख्यायिका घरोघर नेली. त्या काळी साधनेच फारशी छापलेली नव्हती. आज ती एका बोटाच्या अंतरावर आहेत. आजच्या दिग्दर्शकाला ती सबब उरलेली नाही.

१५/ डिसेंबर २०२२ मध्ये 'वेडात मराठे वीर दौडले सात'च्या एका झलकेत झुंबरात विजेचे दिवे दिसले आणि समाजमाध्यमांवर चार दिवस हशा पिकला. मीही हसलो. पण दिव्याची चूक ही सर्वांत निरुपद्रवी चूक असते. ती डोळ्यांना दिसते, कोणीतरी बोट ठेवते, दुरुस्त होते. सतराव्या शतकातल्या माणसाच्या डोक्यात एकविसाव्या शतकातले विचार बसवले तर ते कोणाला दिसत नाही. त्याच्या तोंडी आजच्या सभेतले भाषण येते आणि आपण टाळ्या वाजवतो. कालविपर्यास खरा तिथे आहे.

१६/ उदाहरण घ्या. हे सारे चित्रपट त्या काळाचे दोन सरळ तट पाडतात. पण उदेभान राजपूत होता आणि तो औरंगजेबाचा गड राखत होता. पुरंदरचा तह ज्यांच्यापुढे करावा लागला ते मिर्झाराजे जयसिंह होते. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता आणि फारसी पत्रव्यवहार काझी हैदरकडे होता. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, १६८७ मध्ये समुद्रमार्गे इराणकडे निघेपर्यंत तो याच मुलखात होता. त्याला दिल्लीच्या तख्तावर बसवण्याची मसलत महाराजांनी अंबरच्या रामसिंहाला संस्कृत पत्रातून कळवली होती. एवढी मोठी राजकीय बुद्धी असलेला राजा पडद्यावर केवळ गर्जना करताना दिसावा, याचे मला दुःख आहे.

१७/ याच्या उलट टोकाचे म्हणणेही मला मान्य नाही. त्या काळात धर्माचा प्रश्नच नव्हता, सगळे निव्वळ सत्तेचे राजकारण होते, असे सांगणारे समीक्षक तितकीच फसवणूक करतात. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला, मंदिरे पाडली, आणि संभाजी महाराजांना ज्या क्रौर्याने ११ मार्च १६८९ रोजी मारले ते कोणत्याही सारवासारवीने झाकले जाणार नाही. रामसिंहाला लिहिलेल्या त्याच पत्रात धर्मरक्षणाचे आवाहनही आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत : मोगल शहजाद्याला गादीवर बसवण्याचा बेत आणि धर्माची हाक. त्या काळचा माणूस समजून घ्यायचा तर दोन्ही एकत्र पेलाव्या लागतात.

१८/ 'शेवटी तो चित्रपटच आहे, त्याने काय बिघडते?' असे विचारणाऱ्यांनी मार्च २०२५ आठवावा. पडद्यावर बुऱ्हाणपूरची लूट पाहिल्यानंतर असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री बॅटऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन मोहरांसाठी खणत होते. हसण्यासारखे आहे. त्याच महिन्याच्या १७ तारखेला औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपूरला हिंसाचार झाला, ते हसण्यासारखे नव्हते. मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी विधानसभेत आपण कोणत्याही चित्रपटाला दोष देत नसल्याचे सांगितले, पण 'छावा'नंतर लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्याचेही सांगितले. दंगल एका चित्रपटाने होत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु ज्या गोष्टीच्या परिणामाची नोंद विधानसभेत होते तिला 'निव्वळ करमणूक' ही सवलत मागता येणार नाही.

१९/ आता पुढचा प्रश्न : पडद्यावर काय राहील आणि काय जाईल, हे ठरवते कोण? 'छावा'च्या झलकेतील लेझीमचे दृश्य गदारोळानंतर काही दिवसांत काढले गेले. २०२२ मध्ये 'हर हर महादेव'वर शिवाजी महाराज आणि बाजीप्रभू यांच्यातील लढतीच्या दृश्यासह अनेक आक्षेप आले. आक्षेपांत तथ्य होते, पण त्यांचा निकाल कोणत्या अभ्यासमंडळात लागला नाही. ठाण्यात एका राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खेळ बंद पाडला. थोडक्यात, पुरावा मागणाऱ्याला पाटी दाखवली जाते आणि गर्दीपुढे मान तुकवली जाते. असे असताना इतिहासाचे रक्षण झाले असे कोण म्हणेल?

२०/ याच वर्षीचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अनंत महादेवन यांचा 'फुले' ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीला, येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले. सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' अशा शब्दांवर कात्री चालवली. ज्या बोर्डाला कल्पित तोफ खटकली नाही, कल्पित कारस्थाने खटकली नाहीत, त्याला ऐतिहासिक कागदांत शंभरदा येणारे शब्द खटकले.

२१/ फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ मध्ये एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्या निबंधाच्या शीर्षकातच हे दोन जातिवाचक शब्द आहेत, आणि पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले हे ती त्यात स्पष्ट सांगते. म्हणजे कोवळ्या वयाच्या मुलीने १८५५ मध्ये जे छापील स्वरूपात सांगितले ते २०२५ मध्ये प्रौढ प्रेक्षकांच्या कानांवर पडू नये, असा हा न्याय. इथे कोणी 'कलात्मक स्वातंत्र्य' मागत नव्हते. इथे मागणी पुराव्याला जागा देण्याची होती, आणि तीच नाकारली गेली.

२२/ जुन्यांनीही कल्पना लढवल्या, मग आजच्यांनाच का झोडपता, असे कोणी म्हणेल. फरक जोखमीचा आहे. व्ही. शांताराम यांनी १९३० मध्ये शिवचरित्रावर मूकपट काढला तेव्हा त्याचे नाव 'स्वराज्याचे तोरण' होते. 'स्वराज्य' हा शब्द इंग्रज सेन्सॉरला सोसला नाही, चित्रपट 'उदयकाल' या नावाने आला. त्या काळी शिवाजी महाराज पडद्यावर आणणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. 'छावा' मध्य प्रदेशात आणि गोव्यात करमुक्त झाला. सत्तेला जे आवडते तेच मोठ्या आवाजात सांगायला धैर्य लागत नाही, आणि त्याला 'दडवलेला इतिहास' म्हणणे तर निव्वळ विनोद आहे.

२३/ आक्षेप येईल : कला म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. मान्य. पण सत्य नेहमी कोरडेच असते ही समजूत कोठून आली? नेसरीच्या सात वीरांची कथा काहींना दंतकथा वाटते. कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी याने १६७४ च्या एप्रिलमध्ये मुंबईकर इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात प्रतापराव सहा स्वारांनिशी दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत पडल्याचे नमूद आहे. ना विशेषणे, ना पार्श्वसंगीत. एक परका कारकुनी कागद, आणि अंगावर काटा येतो. कागद हा भावनेचा वैरी नाही. आळसाचा मात्र आहे.

२४/ दुसरा आक्षेप : या चित्रपटांमुळे निदान नव्या पिढीला नावे तरी कळतात. कळतात, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. चित्रपट पाहून एखादा मुलगा वढू-तुळापूरला गेला, गडावर गेला, तर आनंदच आहे. पण तिथून पुढे त्याने जायचे कुठे? पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद जमवते आहे, आणि मोडी वाचणारी माणसे मात्र विरळ आहेत. कोट्यवधी रुपये मिळवणाऱ्या एका चित्रपटाच्या उत्पन्नाचा अल्पसा भाग जरी मोडी शिकवण्याकडे वळला तरी तो महाराजांना वाहिलेला खरा मुजरा ठरेल.

२५/ आता माहितीपटांकडे. आनंद पटवर्धन यांचा 'वसुधैव कुटुंबकम्' हा २०२३ सालचा. त्यांनी घरातल्या कॅमेऱ्याने थकत चाललेल्या आई-वडिलांना वर्षानुवर्षे टिपले. एकीकडे सिंध-हैदराबादहून आलेली, शांतिनिकेतनात शिकलेली आई, दुसरीकडे बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेले अच्युतराव आणि त्यांचे बंधू रावसाहेब. एका घराच्या आठवणींतून स्वातंत्र्यलढा उलगडतो. पटवर्धनांची राजकीय मते सर्वश्रुत आहेत, ती सर्वांना पटावीत असे नाही. पण येथे कोण बोलते आहे, कोणत्या वयात, कोणाला, हे समोर दिसते. साक्षीदार पारखून घेण्याची मुभा प्रेक्षकाला आहे. प्रामाणिकपणा मी याला म्हणतो.

२६/ सगळेच माहितीपट असे नसतात. ओटीटीवरील कित्येक ऐतिहासिक मालिकांत धूसर प्रकाशात घोडे दौडतात, रक्त उडते, मध्ये एखादा तज्ज्ञ दोन वाक्ये बोलतो आणि त्याचे म्हणणे कोठे संपले, दिग्दर्शकाची कल्पना कोठे सुरू झाली, हे कळू दिले जात नाही. तिथे तर पाटीही नसते, कारण नावच 'माहितीपट'. सार्वजनिक पैशातून माहितीपट काढणारी १९४८ पासूनची फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. बाजाराला ज्या विषयात रस नाही त्यावर चित्रफीत काढणारी एक जुनी जागा स्वतंत्रपणे उरली नाही, याची आपल्याकडे पुरेशी चर्चाही झाली नाही.

२७/ दोष समीक्षकांचाही आहे, माझा धरून. आम्ही तारे वाटतो, कोटींचे आकडे मोजतो, नटाने किती वजन वाढवले हे लिहितो. 'या प्रसंगाला आधार काय?' हा साधा प्रश्न परीक्षणात येत नाही, कारण तो विचारला की शिव्या मिळतात आणि उत्तर मिळत नाही. 'तान्हाजी'च्या वेळी मीही दृश्यभव्यतेवर दोन परिच्छेद लिहिले आणि तोफेवर एक ओळही लिहिली नाही. त्या वेळी गप्प बसलो, ते चुकले.

२८/ मागणी बंदीची नाही. बंदी मला कोणत्याच चित्रपटावर नको. मागणी तीन साध्या गोष्टींची आहे. एक, ऐतिहासिक चित्रपटाने शेवटी, वाचता येईल अशा अक्षरांत, सांगावे : हे समकालीन कागदांतून, हे उत्तरकालीन बखरीतून, हे कादंबरीतून आणि हे आमच्या कल्पनेतून. दोन, ज्यांच्या संशोधनावर कथा उभी आहे त्यांची नावे श्रेयनामावलीत द्यावीत. तीन, कादंबरीवरून चित्रपट काढला असेल तर जाहिरातीतही कादंबरीच म्हणावे. यात कोणाचे स्वातंत्र्य जात नाही. फक्त दुहेरी व्यवहार बंद होतो.

२९/ तो मुलगा आज कुठे आहे ठाऊक नाही. त्याला माझे उत्तर असे : बाळ, राजे शूर होते हे खरे. त्यांना हालहाल करून मारले हे खरे. ते डगमगले नाहीत हेही खरे. बाकी जे पाहिलेस त्यातले काही तसे झाले, काही तसे झाले नाही आणि काहींबद्दल मोठी माणसे अजून कागद चाळत आहेत. तुझा प्रश्न चांगला होता. तो कोणी मिटवला तरी पुन्हा विचार, मला विचार, शाळेत विचार, चित्रपट काढणाऱ्यांनाही विचार. बेंद्रे यांनी तोच प्रश्न चाळीस वर्षे विचारला, म्हणून आज तुझे राजे तुला परत मिळाले आहेत.

बहुत काय लिहिणे.